याद्यांचे तुकडे पाडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (पायथन, बॅच्ड आणि मोअर-इटरटूल्स)

टीममध्ये नवीन पोरं आली की दर वेळी हेच प्रश्न येतात आणि दर वेळी मी तेच तेच टाइप करतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. फंक्शनची नावं आपण तोंडाने बोलतो तशीच लिहिलीयत, एडिटरमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा. जास्त भर पायथनवर आहे कारण माझा दिवस त्यातच जातो, बाकीच्या भाषांबद्दल शेवटी थोडंसं.

तुकडे पाडणं म्हणजे नेमकं काय?

लग्नाची पंगत बघितलीय ना, तेच. २१७ माणसं जेवायचीयत, हॉलमध्ये एका वेळी ५० पानं बसतात. मग ५०च्या चार पंगती उठतात आणि पाचवीला १७ जण बसतात. यादीचं तसंच, मोठी यादी घ्यायची, ठरलेल्या आकाराचे तुकडे करायचे, एकेक तुकडा पुढे पाठवायचा. डेटाबेसमध्ये टाकायला, एपीआयला पाठवायला, एसएमएस सोडायला, कशालाही. पहिल्या चार पंगतींचा त्रास कुणालाच होत नाही, सगळी भानगड त्या १७ जणांची असते. या पानावरचे निम्मे प्रश्न फिरून फिरून तिथेच येणारेत हे आधीच सांगतो.

दोन ओळींचं काम आहे की, लायब्ररी कशाला?

खरंय, दोन ओळींचंच आहे. शून्यापासून यादीच्या लांबीपर्यंत एन-एनच्या (एन म्हणजे तुकड्याचा आकार) उड्या मारत रेंज फिरवायची आणि प्रत्येक ठिकाणी तिथून एन घरांचा स्लाइस, म्हणजे यादीचा सलग भाग, कापायचा. पायथनमध्ये स्लाइस यादीच्या टोकाबाहेर गेला तरी एरर येत नाही, आहे तेवढं देतो, त्यामुळे शेवटचा तुकडाही आपोआप बरोबर येतो. हातात साधी लिस्ट असेल तर खुशाल हेच वापरा, मी काही बोलणार नाही.

पण उद्या त्याच फंक्शनला कुणी जनरेटर (मागितली की एकेक गोष्ट बनवून देणारा) दिला, उघडलेली फाइल दिली, डेटाबेसचा कर्सर दिला की ते झोपलं, कारण या मंडळींना लांबीच नसते आणि स्लाइसही करता येत नाही. मग कोणीतरी सगळं लिस्टमध्ये भरून घेतं आणि चाळीस लाख ओळी मेमरीत चढतात. दुसरं म्हणजे ही दोन ओळींची फंक्शनं पैदास होतात. मी एका प्रोजेक्टमध्ये युटिल्स नावाच्या तीन वेगळ्या फाइलींत तीन वेगळी चंक फंक्शनं बघितलीयत, त्यातलं एक शेवटचा तुकडा टाकून देत होतं आणि ते कुणाला माहीतच नव्हतं. बरं ते "कुणाला"मध्ये मीपण होतो, पुढे येईल ते.

मग वापरू काय?

पायथन ३.१२ किंवा पुढचं असेल तर बाहेरचं काही नको, आतल्या इटरटूल्स मॉड्यूलमध्येच बॅच्ड आहे. ३.१२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. त्याआधी हे फंक्शन डॉक्युमेंटेशनमध्ये नुसती रेसिपी म्हणून होतं, म्हणजे कॉपी करा आणि चिकटवा. जगभर लोकांनी तेच केलं.

जुन्या व्हर्जनवर अडकलेले असाल (सर्व्हर आपल्या हातात नसतो, कळतं मला) तर मोअर-इटरटूल्स ही बाहेरची लायब्ररी टाका. पिपने टाकताना नावात हायफन, इम्पोर्ट करताना अंडरस्कोर, यावर नवीन माणसाची दहा मिनिटं हमखास जातात. त्यातलं चंक्ड हे आपलं रोजचं फंक्शन.

दोघांतला एक फरक लक्षात ठेवा, बॅच्ड टपल (न बदलता येणारी यादी) देतं आणि चंक्ड लिस्ट देतं. तुकडा हातात आल्यावर त्यात काही अपेंड करायचं असेल तर टपल चालणार नाही. शिवाय काही एपीआय क्लायंट आणि डेटाबेस ड्रायव्हर टपल बघितलं की नाक मुरडतात, तिथे लिस्ट करून द्या आणि मोकळे व्हा.

शेवटचा तुकडा गायब होतोय, का?

बहुतेक तुम्ही झिपवाली (झिप म्हणजे अनेक ठिकाणांहून एकेक गोष्ट उचलून गट करणारं फंक्शन) ट्रिक कुठून तरी उचललीय. एकच इटरेटर (यादीतली एकेक गोष्ट क्रमाने काढून देणारा) घ्यायचा, त्याच्या एन प्रती करून (प्रती कसल्या, तोच इटरेटर एन वेळा) झिपला द्यायच्या. बघायला फार हुशार वाटते, इंटरव्ह्यूला सांगायला छान आहे. पण झिप कुठलाही एक इटरेटर संपला की थांबतो आणि हातात आलेलं अर्धवट टाकून देतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, नाव-गाव नको. एका संस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिशीचे एसएमएस सोडायचे होते, सभासद १२३७, गेटवेला एका वेळी १०० नंबर चालायचे. मी ही झिपची ट्रिक मारली. टेस्टला २०० नंबरांची यादी घेतली होती, दोन बॅच गेल्या, दोन्ही शंभर टक्के, मी खूश. खऱ्या दिवशी बारा बॅच गेल्या, लॉगमध्ये बारा वेळा "सक्सेस", आणि उरलेले ३७ लोक हवेत. सभेला कुणीतरी उभं राहून विचारलं की आम्हाला नोटीस का नाही, मग दुसरा उठला, मग तिसरा, आणि गंमत म्हणजे सगळे सोनवणे, हगवणे, हांडे, हिरवे! यादी आडनावाने लावलेली होती ना, शेपटाला तेच होते. आता तुम्ही म्हणाल वर्णमालेच्या शेवटी क्ष आणि ज्ञ असतात, मग क्षीरसागर कसे वाचले? तर कम्प्युटरच्या लेखी क्ष हे वेगळं अक्षर नाहीच, ते क, हलंत आणि ष असं तीन तुकड्यांत साठवलेलं असतं, त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये क्षीरसागर पार वर क मध्ये जाऊन बसले होते. त्यांना एसएमएस पहिल्या काही बॅचमध्येच मिळाला.

तर सांगायचं काय, टेस्टचा आकडा बॅचच्या आकाराने पूर्ण भाग जाणारा घेऊ नका. बॅच १०० ची असेल तर ०, १, ९९, १००, १०१ एवढ्या लांबीच्या याद्या टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि लॉगमध्ये बॅच मोजू नका, माणसं मोजा. आत गेलेले किती, बाहेर पडलेले किती, दोन्ही आकडे जुळतायत का एवढंच बघायचं.

बॅच्ड आणि चंक्ड दोघंही शेवटचा अर्धवट तुकडा व्यवस्थित देतात, तो आखूड असतो इतकंच.

मला आखूड तुकडा नकोच आहे, एरर पाहिजे.

असं खरंच हवं असतं कधीकधी. समजा फाइलमध्ये प्रत्येक रेकॉर्ड चार ओळींचं आहे, नाव, पत्ता, फोन, रक्कम. शेवटी तीनच ओळी उरल्या तर फाइल अर्धवट आलीय, तिथे गप्प पुढे जाणं म्हणजे गाढवपणा. त्यासाठी स्ट्रिक्ट नावाचा पर्याय आहे, तो ट्रू केला की अर्धवट तुकड्यावर व्हॅल्यूएरर येते. चंक्डमध्ये तो आहेच, बॅच्डमध्ये मात्र ३.१३ पासून आला, त्यामुळे ३.१२ वर स्ट्रिक्ट लिहून "चालत नाही हो" म्हणून मला फोन करू नका.

एक बारीक गोष्ट, एरर शेवटी येते. म्हणजे आधीचे सगळे पूर्ण तुकडे तोपर्यंत तुमच्या हातात पडून पुढे गेलेले असतात, डेटाबेसमध्ये लिहूनही झालेले असतात. "अर्धवट असेल तर काहीच लिहू नको" असं हवं असेल तर आधी सगळे तुकडे गोळा करा नाहीतर सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा.

रिकाम्या जागा भरून तुकडा पूर्ण करायचा असेल तर मोअर-इटरटूल्समध्ये ग्रुपर आहे. त्याला सांगता येतं की अर्धवट तुकडा भर, किंवा एरर दे, किंवा टाकून दे. टाकूनच द्यायचं असेल तरी निदान कोडमध्ये तसं लिहिलेलं दिसतं, पुढच्याला कळतं की हे मुद्दाम केलंय.

पहिल्यांदा तुकडे आले, दुसऱ्यांदा लूप फिरवला तर काहीच नाही!

कारण बॅच्डने तुम्हाला यादी दिलेलीच नाही, इटरेटर दिलाय. तो एकदाच चालतो. पंगत एकदा उठली की उठली. सगळ्यात जास्त वेळा हे असं होतं की कोणीतरी डीबग करायला मधे लिस्टमध्ये बदलून प्रिंट करतं, त्यातच सगळं संपतं आणि खालचा खरा लूप कोरडा फिरतो, मग ती प्रिंटची ओळ काढली की कोड चालतो आणि माणूस वेडा होतो. दोनदा लागणार असेल तर सुरुवातीलाच लिस्ट करून व्हेरिएबलमध्ये ठेवा.

याच कारणाने त्यावर लेन (लांबी सांगणारं फंक्शन) चालत नाही. किती तुकडे होणार हे आधी हवं असेल आणि मूळ यादीची लांबी माहीत असेल तर लांबीत एन मिळवा, एक वजा करा, एनने पूर्णांकी भागा. २१७ आणि ५० असेल तर २६६ भागिले ५०, म्हणजे ५. प्रोग्रेस बार दाखवायला एवढं पुरतं. कृपया साधा भागाकार करून त्यात एक मिळवू नका, २०० माणसांना चारच्या ऐवजी पाच पंगती दाखवेल आणि पाचवीला कुणीच नाही.

मेमरी खरंच वाचते का?

वाचते, पण जादू नाही. बॅच्ड आणि चंक्ड एका वेळी एकच तुकडा मेमरीत धरतात. मूळ यादीच जर तुम्ही आधी पूर्ण वाचून घेतली असेल तर वाचायचं राहिलंच काय? फायदा तेव्हा होतो जेव्हा मूळच हळूहळू येतंय, म्हणजे उघडी फाइल थेट बॅच्डला दिली आणि हजार-हजार ओळी घेत गेलात, तर दहा जीबीची लॉग फाइलही साध्या लॅपटॉपवर आरामात जाते. सीएसव्ही असेल आणि पांडाज वापरत असाल तर रीड-सीएसव्हीला चंकसाइज द्या, तो स्वतःच तुकड्यांनी वाचतो.

एकेक तुकडाच प्रचंड मोठा असेल तर मोअर-इटरटूल्समध्ये आयचंक्ड आहे, ते तुकडाही आयता न देता त्याचा इटरेटर देतं. फक्त ते क्रमाने वाचा. पहिला तुकडा अर्धा सोडून तिसऱ्याकडे उडी मारलीत तर मधलं सगळं त्याला साठवून ठेवावं लागतं आणि वाचवलेली मेमरी परत गेली.

सेन्सरचा लाइव्ह डेटा बॅच्डला दिला तर अडकून बसतं.

बसणारच, ५० माणसं जमल्याशिवाय ते वाढायला घेत नाही. ४९ जमली आणि पन्नासावा दोन तासांनी आला तर ४९ जण दोन तास ताटकळतात. बॅच्डमध्ये टाइमआउट नावाचा प्रकारच नाही, ते त्याचं कामही नाही. "१०० झाले किंवा पाच सेकंद झाले, जे आधी होईल ते" असं हवं असेल तर क्यू घ्या आणि तिच्यावर टाइमआउट लावून स्वतः गोळा करा. हे दोन ओळींत होत नाही, पंधरा-वीस ओळी लागतात.

तुकडा किती मोठा ठेवू?

समोरचा सांगेल तेवढा. बहुतेक वेळा आकडा आपण ठरवत नसतोच, पलीकडच्याची मर्यादा असते. ॲमेझॉनच्या एसक्यूएसला एका बॅचमध्ये १० मेसेज, डायनॅमोडीबीच्या बॅच राइटला २५, फायरबेसच्या मल्टिकास्ट नोटिफिकेशनला ५०० टोकन. ओरॅकलच्या जुन्या व्हर्जनांत इन च्या कंसात १००० पेक्षा जास्त व्हॅल्यू टाकल्या की एरर खाणारे किती जण भेटलेत मला, मोजदाद नाही.

डेटाबेसमध्ये टाकताना एक गोष्ट सगळे विसरतात. मर्यादा ओळींवर नसते, पॅरामीटरवर, म्हणजे क्वेरीत भरलेल्या एकेका किमतीवर असते. पोस्टग्रेसला एका क्वेरीत ६५,५३५ पॅरामीटर चालतात हे वाचून लोक ६५,००० ओळी पाठवतात. अरे टेबलात १२ कॉलम आहेत ना, मग ६५,५३५ भागिले १२, म्हणजे ५,४६१ ओळी, बस. एसक्यूएल सर्व्हरला तर एकूण पॅरामीटरच २,१०० आहेत, त्याच टेबलासाठी मी १५० ओळींवर थांबतो. एसक्यूलाइटला पूर्वी ९९९ होते, ३.३२ पासून ते ३२,७६६ झाले, म्हणजे तुमच्या मशीनवर चाललेलं जुन्या फोनवर पडू शकतं.

मर्यादा नसेल तर? ५०० किंवा १००० ने सुरुवात करा, वेळ मोजा, दुप्पट करा, परत मोजा. एका जागी फरक पडायचा थांबतो, तिथे थांबा.

मर्यादा संख्येवर नसून वजनावर असेल, म्हणजे "एकूण इतके केबी" असं, तर मोअर-इटरटूल्सचं कन्स्ट्रेन्ड-बॅचेस बघा. त्याला कमाल एकूण आकार सांगायचा आणि एकेक गोष्टीचा आकार कसा मोजायचा तेही सांगता येतं. एकच गोष्ट मर्यादेपेक्षा मोठी निघाली तर ते एरर देतं, आणि बरंच करतं.

मी ४ दिलं तर मला ४ तुकडे हवे होते, त्याने ४-४ चे तुकडे दिले.

हा गोंधळ सनातन आहे. "चारचे तुकडे" आणि "चार तुकडे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅच्ड आणि चंक्डला तुकड्याचा आकार द्यायचा. चार माणसांत काम वाटायचं असेल तर मोअर-इटरटूल्समध्ये डिव्हाइड आहे, त्याला तुकड्यांची संख्या द्यायची आणि तीसुद्धा यादीच्या आधी. १ ते ७ तीन जणांत डिव्हाइड केलं तर पहिल्याला १, २, ३, दुसऱ्याला ४, ५ आणि तिसऱ्याला ६, ७ मिळतात. डिस्ट्रिब्यूट म्हणून भाऊ आहे त्याचा, तो पत्ते वाटल्यासारखं वाटतो, पहिल्याला १, ४, ७, दुसऱ्याला २, ५, तिसऱ्याला ३, ६. जड कामं यादीच्या एकाच टोकाला साचलेली असतील तर पत्तेवाटप बरं पडतं, नाहीतर एकच जण राबतो आणि बाकीचे चहा पितात.

नमपायवाले लक्ष द्या, तिथल्या अरे-स्प्लिटला नुसता आकडा दिला तर तो तुकड्यांची संख्या मानतो, आकार नाही. आणि नुसतं स्प्लिट वापरलंत तर समान भाग जात नसतील तेव्हा एरर येते.

शेवटी एकटाच उरतो, बरं दिसत नाही.

१ ते ७ तिनाचे तुकडे केले तर शेवटी एकटा ७ उरतो. शाळेच्या सहलीचे गट पाडताना असं एक पोर एकटं पडलं तर कसं वाटेल, तसंच. त्यासाठी मोअर-इटरटूल्समध्ये चंक्ड-ईव्हन आहे, ते १, २, ३ मग ४, ५ मग ६, ७ असं देतं, म्हणजे कुठलाच तुकडा तीनपेक्षा मोठा नाही आणि लहान-मोठ्यात फरक एकाचाच. वेबपेजवर फोटोंचे कॉलम लावायला मी हेच वापरतो.

मराठी मजकुराचे तुकडे केले की अक्षरं फुटतात, काय करू?

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो, कारण इंग्रजी डॉक्युमेंटेशनमध्ये याचं उत्तर सहसा सापडत नाही.

आधी साधी गोष्ट, स्ट्रिंग बॅच्डला दिली तर सुट्या अक्षरांचं टपल मिळतं, ते परत जोडावं लागतं. मोअर-इटरटूल्सचं स्लाइस्ड वापरलं तर स्ट्रिंगचे तुकडे स्ट्रिंगच येतात.

आता खरा त्रास. "महाराष्ट्र" हा शब्द घ्या. आपल्या डोळ्यांना म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं दिसतात. पायथनला विचारा, तो सांगेल १०. म, ह, काना, र, काना, ष, हलंत, ट, हलंत, र, मोजा हवं तर. आता तिनाचे तुकडे करा. पहिला "महा", वा. दुसरा "राष", हम्म. तिसरा तुकडा म्हणजे हलंत, ट, हलंत, स्क्रीनवर एक तुटका गोळा दिसेल ज्याला धड वाचता येत नाही. चौथा एकटा "र". जोडाक्षराचा पार चुराडा.

म्हणून मराठी मजकूर अक्षरसंख्येने कापायचाच असेल तर कोडपॉइंटवर (वर मोजली ती १० सुटी चिन्हं) कापू नका, ज्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात त्यावर कापा, म्हणजे माणसाला एक वाटतं ते एक. पायथनच्या आतल्या आरई मॉड्यूलला हे येत नाही, रेजेक्स नावाचं बाहेरचं पॅकेज आहे त्यात बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स लिहिलं की एकेक ग्राफीम मिळतो. त्यांची यादी करा आणि ती यादी चंक्डला द्या. पण इथेही एक खोच आहे. जुन्या युनिकोड नियमांनुसार ष्, ट् आणि र हे तीन वेगळे धरले जायचे, म्हणजे महाराष्ट्रचे सहा भाग. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम आला, तेव्हा कुठे चार झाले. त्यामुळे तुमचं पॅकेज कुठल्या युनिकोडवर चालतंय त्यावर उत्तर बदलतं. "ष्ट्र" आणि "क्ष" टाकून स्वतः बघा.

आणि खरं सांगू का, शक्य असेल तर अक्षरांवर कापूच नका, शब्दांवर कापा. स्पेसवर तोडा, शब्द गोळा करत जा, मर्यादा जवळ आली की नवा तुकडा. वरचं कन्स्ट्रेन्ड-बॅचेस इथे मस्त बसतं, फक्त मधल्या स्पेसचाही हिशोब धरा.

मग एसएमएसचे तुकडे मीच करून पाठवू का?

नको. देवनागरी एसएमएस एकटा असेल तर त्यात ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. लांब मेसेजचे भाग पडतात तेव्हा प्रत्येक भागात ६७, कारण जोडणीची माहिती थोडी जागा खाते. ही अक्षरं म्हणजे वरची कोडपॉइंटवाली, महाराष्ट्र लिहिलं की १० गेली. भाग पाडणं आणि पलीकडच्या फोनवर जोडणं हे गेटवे आणि फोन बघून घेतात. तुम्ही हाताने तोडून पाठवलंत तर समोरच्याला तीन सुटे मेसेज जातील, तेही कधीकधी उलट्या क्रमाने. तुम्ही फक्त लांबी मोजा म्हणजे बिल किती येणार ते कळेल.

फाइल ४०९६ बाइटच्या तुकड्यांनी वाचतोय, मधेच डीकोड एरर येते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ४०९६ ला ३ ने भागा, १३६५ चिन्हं पूर्ण बसतात आणि एक बाइट उरतो. तो एक बाइट म्हणजे पुढच्या चिन्हाचा एक तृतीयांश हिस्सा, त्याचं डीकोडर काय करणार? मधे स्पेस, आकडे आले की कुठे कापलं जाईल ते बदलतं, म्हणून ही एरर कधी येते कधी नाही आणि इंग्रजी फाइलवर कधीच येत नाही. एरर इग्नोर करा असं जर कुणी सुचवलं तर ऐकू नका, एरर जाईल पण दर काही पानांनी एखादं अक्षर गुपचूप गळेल. फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडा आणि एन्कोडिंग सांगा, मग पायथन स्वतःच सांभाळतो. नेटवर्कवरून बाइटच येत असतील तर कोडेक्समधला इन्क्रिमेंटल डीकोडर वापरा, तो उरलेला बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो.

१२३४५६७८ ला आपल्या पद्धतीने स्वल्पविराम कसे देऊ?

पायथनचं साधं फॉरमॅटिंग १२,३४५,६७८ देतं, बिलावर असं छापलं तर गिऱ्हाईक हसेल. आपल्याला १,२३,४५,६७८ पाहिजे. म्हणजे तुकडे उजवीकडून पाडायचे, पहिला तिनाचा, बाकी सगळे दोनाचे. बॅच्ड डावीकडून पाडतं, मग युक्ती अशी, शेवटचे तीन आकडे बाजूला काढा. उरलं १२३४५, ते उलटं करा, ५४३२१, त्याचे दोनाचे तुकडे, ५४ आणि ३२ आणि १, मधे स्वल्पविराम टाकून जोडा आणि परत उलटं करा, आलं १,२३,४५. त्याला स्वल्पविराम देऊन शेवटचे तीन चिकटवा. ऋण आकडा आणि पैसे (दशांशानंतरचे) आधी वेगळे काढायला विसरू नका. आकडा तीन अंकी किंवा त्याहून लहान असेल तर उरलेलं रिकामं असतं, तिथे उगाच पुढे स्वल्पविराम लागतो, तेवढा सांभाळा.

डिक्शनरी दिली तर नुसत्या कीज येतात.

हो, पायथनमध्ये डिक्शनरीवर फिरलं की कीजच मिळतात. आयटम्स काढून द्या आणि प्रत्येक तुकड्याची परत डिक्शनरी करा. सेट देत असाल तर क्रमाची अपेक्षा ठेवू नका, आधी सॉर्ट करा.

मला एकमेकांवर चढणारे तुकडे हवेत, म्हणजे १ ते ७, मग २ ते ८...

ते तुकडे नाहीत, ती सरकती खिडकी. मोअर-इटरटूल्समध्ये विंडोड आहे. नुसत्या जोड्या हव्या असतील तर इटरटूल्समधलं पेअरवाइज, ३.१० पासून आहे. विंडोडमध्ये यादी खिडकीपेक्षा लहान असेल तर ते नन (पायथनमधलं 'काहीच नाही') भरून एक खिडकी देतं, सात दिवसांची सरासरी काढताना पाचच दिवसांचा डेटा असेल तर बेरीज तिथेच आपटते.

आकारावर नाही, अटीवर तोडायचंय.

मोअर-इटरटूल्सचं स्प्लिट-व्हेन बघा, शेजारच्या दोन गोष्टी देतं आणि तुम्ही सांगायचं की यांच्यामधे तोडू का. तारीख बदलली की नवा तुकडा, असं. इटरटूल्सचं ग्रुपबायही चालतं पण ते फक्त शेजारशेजारचे एकत्र करतं, आधी सॉर्ट केलं नाही तर सोमवारचे तीन वेगवेगळे गट येतील.

सातवी बॅच फेल झाली तर?

लायब्ररीचा यात काही संबंध नाही पण विचारतात सगळेच. एन्यूमरेट लावून बॅचचा नंबर ठेवा आणि फेल झालेल्या बॅचमधले आयडी लिहून ठेवा, नुसता नंबर पुरत नाही, कारण उद्या यादीत दोन माणसं वाढली की सातवी बॅच वेगळीच असते. आणि परत पाठवताना आधी गेलेल्यांना दुसऱ्यांदा जाणार नाही याची सोय बघा. एखाद्याला नोटीस दोनदा गेली तर चालतं, पैसे दोनदा गेले तर परत मागायला जावं लागतं.

रिकामी यादी दिली तर?

शून्य तुकडे मिळतात, एक रिकामा तुकडा नाही. म्हणजे लूप फिरतच नाही, बरोबरच आहे ते. बॅच्डला आकार शून्य किंवा ऋण दिला तर व्हॅल्यूएरर.

बाकीच्या भाषांत?

रुबीत ईच-स्लाइस, कोटलिनमध्ये चंक्ड, जावास्क्रिप्टमध्ये लोडॅशचं चंक, सी-शार्पला डॉटनेट ६ पासून चंक, गो मध्ये १.२३ पासून स्लाइसेस पॅकेजमध्ये चंक. हे सगळे शेवटचा आखूड तुकडा देतात. रस्टमध्ये चंक्स आखूड तुकडा देतं, चंक्स-एक्झॅक्ट देत नाही पण उरलेलं वेगळं मागता येतं, मला ही सोय सगळ्यात आवडते. क्लोजरमध्ये जपून, तिथे नुसतं पार्टिशन शेवटचा अर्धवट तुकडा टाकून देतं, ठेवायचा असेल तर पार्टिशन-ऑल. पीएचपीचं अरे-चंक तुकडा टाकत नाही पण मूळ कीज टाकतं, प्रत्येक तुकड्यात परत शून्यापासून मोजतं, कीज हव्या असतील तर तिसरा पर्याय ट्रू द्यायचा.